तळहाताला मीठ येणारी मुलगी

“शेवट बदलून आणा, मी लगेच घेतो,” मिलिंद म्हणाला आणि त्याने हस्तलिखिताची फाईल टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात सोमवारची मीटिंग चालू होती. चहा येऊन गेला होता. मी नुकतीच एका कादंबरीची पिच करून खाली बसले होते आणि ती सपशेल आपटली होती. ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी एका मराठी प्रकाशन संस्थेत संपादक आहे. संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी चष्मेवाली बाई, असा आमच्या सोसायटीत समज आहे. चष्मा आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही तपासते. पण माझ्या नोकरीतला अवघड भाग विक्रीचा आहे. वाचकांना पुस्तक विकायच्या आधी मला ते माझ्याच ऑफिसला विकावं लागतं. त्याला पिच म्हणतात. आलेल्या ढिगातून एखादं हस्तलिखित मला आवडतं. ते का छापायला हवं हे मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगते आणि बाकीचे बसल्या जागी ते का छापू नये हे सांगतात.

आमच्याकडे पिचची एक रीत आहे. ती आमच्या मालकांनी घालून दिली, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो. कादंबरीची पिच करताना हातात कागद घ्यायचा नाही. लॅपटॉप नाही, मोबाईल नाही. रिकाम्या हातांनी उभं राहायचं आणि गोष्ट सांगायची. सर डोळे मिटून ऐकतात. सांगता सांगता एका जागी थांबायचं. ऐकणाऱ्यांपैकी कोणी आपणहून “मग?” असं विचारलं, तर कादंबरी पुढे जाते. नाही विचारलं, तर विषय संपला. जी गोष्ट चार माणसांना पुढे ऐकावीशी वाटत नाही ती लोक पदरमोड करून का वाचतील, असं सरांचं म्हणणं. बाहेरच्या प्रकाशकांना हे सांगितलं की ते हसतात. नोकरीला लागले तेव्हा मीही हसले होते, अर्थात सरांच्या पाठीमागे.

ऐकायला तिघं असतात. एक सर. दुसऱ्या अकाउंट्सच्या मालतीताई. त्यांना सर मुद्दाम बसवतात, कारण साहित्याचं त्यांना काडीचं पडलेलं नसतं. मीटिंगभर त्या बिलं स्टेपल करत असतात. आणि तिसरा सेल्सचा मिलिंद. पुस्तकं दुकानांत, शाळांत, प्रदर्शनांत पोचवणं हे त्याचं काम, आणि तो ते उत्तम करतो. त्याचा लौकिक असा की तो “मग” कधी म्हणत नाही, “पण” म्हणतो.

त्या दिवशीची कादंबरी होती ‘खारी जुई’. लिहिणारी हर्षाली, डोंबिवली पश्चिमेच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातली, पंचविशीची. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. तिचं यापूर्वी काहीही छापलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात ‘खारी जुई’सारख्या कादंबरीला कुमार कादंबरी म्हणतात. म्हणजे बालवाचकांची नव्हे आणि मोठ्यांचीही नव्हे, मधल्या अवघड वयाची. ती दुकानात नेमकी कुठल्या कपाटात ठेवायची यावरही दुकानदारांचं एकमत नसतं.

गोष्ट अशी. जुई दहावीत आहे. तिला सगळ्याची धास्ती वाटते. वर्गात नाव पुकारलं की, फोन वाजला की, लिफ्टचं दार बंद झालं की तिची छाती धडधडायला लागते आणि कान बंद होतात. आणखी एक गोष्ट घडते, ती जुई कोणाला सांगत नाही. भीती वाटली की तिच्या तळहातांना मीठ येतं. घाम नव्हे, मीठ. पांढरं, खडबडीत. ती ते गुपचूप दप्तराच्या कप्प्यात झटकून टाकते. ती राहते तो टॉवर जिथे उभा आहे, तिथे एके काळी तिच्याच घराण्याची खारी शेती आणि मिठागर होतं. एक दिवस लिफ्टमध्ये तिला एक बाई भेटते. बाईचे पाय घोट्यापर्यंत ओले. ती प्रत्येक मजल्यावर उतरते, दारावरच्या पाट्या वाचते आणि विचारते, “ही जागा कोणाची?” ही बाई म्हणजे खाडीची भरती. आपली जागा परत मागायला आलेली.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते भर दुपारी, ऑफिसातल्या माझ्या खुर्चीत. लिफ्टचा प्रसंग संपला आणि मी माझा तळहात उलटा करून पाहिला. कोणी बघत नाही ना, याची आधी खात्री केली. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर एखाद्या कागदाने मला असं करायला लावावं, याचा मला अचंबा वाटला. थोडी भीतीसुद्धा वाटली. कोण ही मुलगी, कुठे बसून लिहिते, आणि हिला हे कोणी शिकवलं, असं मनात घोळत राहिलं.

आणि एवढ्या कादंबरीची पिच मी कशी केली, तर उभी राहिले आणि म्हणाले, “ही टीनएज अँक्झायटीवरची एक महत्त्वाची फँटसी आहे.” पुढेही तसंच. आजच्या मुलांचे ताण, स्थानिक समाज, मराठीतली पोकळी. पाहुण्यांना जेवायला बोलवावं आणि पानात रेसिपीचा कागद वाढावा, तसं झालं. मालतीताईंचा स्टेपलर एकदाही थांबला नाही. मी थांबले तेव्हा कोणी “मग?” विचारलं नाही. मी खरंच संपवलंय का, एवढंच सरांनी विचारलं.

मिलिंदने मात्र हस्तलिखित वाचलं होतं. तो न वाचता नाही म्हणत नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

“नीता मॅडम, कुमारांची पुस्तकं कुमार घेत नाहीत, आईबाप घेतात,” तो म्हणाला. “तुमची पोरगी पहिल्या पानावर घाबरते, ठीक आहे. शेवटच्या पानावरपण तशीच थरथरतेय. बाप विचारणार, एवढं वाचून उपयोग काय झाला? शेवटी ती धीट झाली पाहिजे. मीठ यायचं थांबलं पाहिजे. एवढं करून द्या, शाळांमध्ये मी खपवून दाखवतो.”

शिवाय ‘खारी’ म्हटलं की लोकांना चहाबरोबरची खारी आठवेल, तेव्हा नावही बदलावं, असं तो म्हणाला. मालतीताई पहिल्यांदाच हसल्या.

मला राग आला. पण राग येण्यासारखं त्याने काही चुकीचं सांगितलं नव्हतं, म्हणून जास्तच आला. सरांनी डोळे उघडले.

“तुम्ही पुस्तकाबद्दल सांगितलंत,” ते मला म्हणाले. “गोष्ट राहिली. पुढच्या सोमवारी पुन्हा सांगा. आणि लेखिकेला घेऊन या.”

आमच्याकडे लेखकाला मीटिंगला बोलवत नाहीत. सरांनी हा अपवाद का केला ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कदाचित त्यांनी बेत बदलला असता.

मी हर्षालीला फोन केला. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की मुंबईतल्या एका मोठ्या प्रकाशनाकडेही तिने कादंबरी पाठवली होती, आणि त्यांनीही हेच कळवलं होतं. शेवट बदलला तर ते घेणार होते. ते तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

“मी बदलून टाकते, मॅडम. दोन ठिकाणी तेच बोलतायत म्हणजे माझंच काहीतरी चुकलेलं असणार.”

बदललेला शेवट तिने लिहूनही ठेवला होता. त्यात जुई एक खोल श्वास घेते, तिचं काळीज शांत होतं, हातावरचं मीठ विरघळतं आणि ती हात उंचावून पाणी थोपवते. यात वाईट काही नव्हतं, पण हे कोणीही लिहू शकलं असतं. तो शेवट लागला असता तर आधीचं सगळं, ती लिफ्ट, ती ओली बाई, ते मीठ, फुकट गेलं असतं. मी तिला म्हटलं, मुंबईला एवढ्यात काही कळवू नकोस, सोमवारपर्यंत थांब, आणि माझ्याबरोबर मीटिंगला ये.

“मीटिंगला नाही जमणार,” ती म्हणाली. “चार लोक समोर असले की माझा घसा बंद होतो. लॅबमध्ये चालून जातं. तिकडे समोरचा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो.”

फोनवर ती ऐकणार नाही हे दिसत होतं. मी रविवारी तिच्या घरी गेले. डोंबिवली स्टेशनहून रिक्षाने खाडीच्या दिशेला निघालं की दुकानं संपतात, मग टॉवर संपतात आणि अचानक गाव लागतं. हर्षालीच्या वडिलांनी जमिनीवर बिल्डिंग बांधून घेतली आहे, खाली गाळे, वर भाडेकरू. दारात मोठी पांढरी गाडी. ते गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी कोण ते कळल्यावर खूश झाले.

“आमची पोर लिवते,” ते म्हणाले. “मना वाचाला टाइम नाय, पन जे कोन येते त्याला सांगतो.”

हर्षाली मला बांधावर घेऊन गेली. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी मातीचा घातलेला हा लांबलचक बांध. मधे एक उघाडी आहे. म्हणजे लाकडी फळ्यांचं दार, ओहोटीला आतलं पाणी सोडून द्यायला आणि भरतीला बंद करायला. आता आत शेती नाही. काही भागात तिवरांची झाडी माजली आहे, बाकी भराव टाकून टॉवर उभे आहेत. आम्ही बांधाच्या मध्यावर आलो तेव्हा भरती चढत होती.

मी ते दृश्य कधी विसरणार नाही. उजव्या हाताला पाणी होतं, बांधाच्या कडेपर्यंत आलेलं. डाव्या हाताला जमीन होती, आणि ती पाण्याच्या पातळीच्या चांगलीच खाली होती. त्या खालच्या जमिनीवर लोकांच्या गाड्या पार्क केलेल्या होत्या, बाल्कन्यांत कपडे वाळत होते, एका गच्चीत कोणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे होते. मधे फक्त माझ्या पायाखालची ही मातीची पट्टी. मी जन्मभर ठाण्यात राहिले, खाडीच्या पुलावरून हजारदा गेले असेन. पाणी इतकं वर आणि आपण इतके खाली आहोत, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी नकळत बांधाच्या मधोमध सरकले.

हर्षालीला माझ्याकडे बघून बरं वाटलं असावं. ती आपणहून सांगायला लागली. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस बांधाच्या राखणीला यायचा. बांधाला कुठे भगदाड पडलं तर त्याला खांड जाणं म्हणतात. खांड गेली की तास-दोन तासांत वर्षाची शेती खारट. तिचे वडील आमच्या मागून चालत आले होते. ते म्हणाले, राखणीला कोणाला पाठवायचं, यावर घराघरात विचार व्हायचा.

“भिनारा मानूस बांधाव ठेवाचा,” ते म्हणाले. “धीट मानूस झोपून जातो.”

हे वाक्य कादंबरीत होतं. जुईच्या वडिलांच्या तोंडी. मी ते वाचलं होतं, गमतीदार म्हणून त्याला पेन्सिलने टिकही केली होती. बांधावर उभी राहून ऐकल्यावर ते मला गमतीदार वाटलं नाही.

परतताना मी हर्षालीशी सौदा केला. तिने फक्त यायचं. बोलायचं काम माझं. तिने एकच अट घातली, ती दाराजवळ उभी राहणार. बसायचा आग्रह करायचा नाही, म्हणजे तिला वाटलं तर बाहेर जाता येईल.

सोमवारी ती आली. पर्स पोटाशी धरून दाराला टेकून उभी राहिली. सरांनी खुर्चीकडे हात केला, मी नको म्हणून मान हलवली, सर समजले. मिलिंदने तिला नमस्कार केला आणि मागच्या वेळी आपण काय बोललो ते सरळ पुन्हा सांगितलं, तोंडावर. तो असाच आहे. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

मी उभी राहिले. हात रिकामे. या वेळी अँक्झायटी नाही, पोकळी नाही. दप्तराच्या कप्प्यात मीठ झटकणाऱ्या मुलीपासून सुरुवात केली. लिफ्टमधल्या बाईपाशी आले तेव्हा स्टेपलरचा आवाज थांबला. मला हुरूप आला. मी उधाणाची रात्र सांगायला घेतली. टॉवरच्या मागची भिंत हा आता बांध आहे, आणि तिथे खालून पाणी शिरताना एकट्या जुईला दिसतं. तिच्या तळहातांतून मीठ सांडायला लागतं. समोर ती ओली बाई उभी आहे.

“आणि जुई भीतीने गोठून जाते,” मी म्हणाले. “तिचे पाय हलत नाहीत. ती जागच्या जागी उभी राहते.”

इथे मी थांबायचं ठरवलं होतं. थांबले. सरांचे डोळे मिटलेले होते. मालतीताई माझ्याकडे बघत होत्या, पण बोलल्या नाहीत. मिलिंदने वही मिटली.

“नाही,” दाराकडून आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. हर्षालीचा चेहरा पांढरा पडला होता.

“ती गोठलेली नाहीये.”

“पण तसंच लिहिलंय ना तुम्ही,” मिलिंद म्हणाला. त्याचा आवाज सौम्य होता. “पाय हलत नाहीत, जागच्या जागी उभी राहिली.”

“पाय हलवायचे नसतात.”

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. मी हर्षालीकडे. मलाही कळलं नव्हतं. ही कादंबरी मी तीनतीनदा वाचली होती. मुंबईच्या संपादकांनी वाचली होती. आम्ही सगळ्यांनी ते वाक्य वाचून एकच अर्थ काढला होता, की घाबरलेली मुलगी गोठली आणि भीतीने किंचाळली. आमच्यापैकी कोणाच्याही घरातलं माणूस कधी बांधाच्या राखणीला गेलं नव्हतं.

“खांड दिसली की बांध सोडायचा नाही,” हर्षाली म्हणाली. “आमच्याकडे लहान पोराला पण माहितीये. काळोख असतो. तुम्ही मदत आणायला गावात पळालात तर खांड कुठे होती ते परत सापडत नाही. म्हणून तिथेच उभं राहायचं आणि हाळी द्यायची. लोक आवाजावर येतात.”

हाळी म्हणजे लांबवर जाणारी हाक. ती म्हणाली की तिला वाटलं हे सगळ्यांना माहीत असेल, म्हणून तिने लिहिलं नाही.

आणि मग ती सांगत गेली. दारापासून हलली नाही. तिचा आवाज कापत होता, आणि तो शेवटपर्यंत कापत राहिला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा प्रसंगात माणसाला आतून बळ येतं आणि आवाज स्थिर होतो, असं लिहायची आपल्याला सवय असते. तसं काही झालं नाही. पर्सच्या पट्ट्यावरची तिची बोटं थरथरताना दिसत होती. पण तिच्या तोंडून जुई बोलायला लागली होती. जुईच्या घोट्यांपर्यंत पाणी आलं आहे. बाई विचारते, ही जागा कोणाची. जुईला उत्तर येत नाही. तिच्या आजोबांची म्हणावं तर ती विकली. बिल्डरची म्हणावं तर तो इथे राहत नाही. बाई एक पाऊल पुढे येते. जुई तोंड उघडते.

इथे हर्षालीचा घसा बंद झाला. खरोखर बंद झाला. तिने दोनदा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही.

मी मालतीताईंकडे पाहिलं. त्यांनी आपला उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या. सरांचा हातही टेबलावर उताणा होता. मी त्या दुपारी कोणाचं लक्ष नाही असं बघून जे केलं होतं, तेच ही दोन वडीलधारी माणसं सगळ्यांसमोर करत होती. रक्त काढणारी एक मुलगी दाराला टेकून कापत उभी होती आणि तिने ही खोली पाण्याखाली नेली होती. मी या धंद्यात कशासाठी आले होते ते मला त्या क्षणी आठवलं.

“ती शेवटी बरी होते का?” मिलिंदने विचारलं.

हर्षालीने नाही अशी मान हलवली. मालतीताईंनी पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. ती घोटभर प्यायली.

“ती आजारी नाहीये,” ती म्हणाली. “राखणीला आहे.”

मिलिंदचे दोन्ही हात टेबलाखाली होते. तो बराच वेळ तिथेच, खाली बघत राहिला.

“मग?” तो म्हणाला.

हर्षालीने शेवट सांगितला. जुई हाळी देते. शब्द नसलेली, घसा फाटेल अशी. एका खिडकीत दिवा लागतो. मग दुसऱ्या. एकमेकांची नावंही माहीत नसलेली माणसं आवाजाच्या दिशेने खाली उतरतात, हाताला लागेल ते घेऊन. कोणी गादी आणतं, कोणी वॉचमनची खुर्ची, कोणी सोसायटीच्या पूजेचा पाट, आणि ते सगळं भगदाडात दाबून बसवतात. बाई त्या सगळ्या दिव्यांकडे बघते. “इतक्या जणांची?” ती विचारते. ती जात नाही. जुईशेजारी बांधावर टेकते, पाय पाण्यात सोडून. म्हणते, मी पुढच्या अमावास्येला येणार. जुई अजून थरथरतेच आहे. ती म्हणते, मी असेन.

सरांनी डोळे उघडले.

“शेवटाला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. मग मिलिंदकडे वळले. “तुम्ही ‘मग’ म्हणालात.”

“मी ‘पण’ म्हणणार होतो, सर,” मिलिंद म्हणाला.

हर्षालीने तिथूनच मुंबईला नकार कळवला. तो मेसेज टाइप करायला तिला बराच वेळ लागला, बोटं अजून ऐकत नव्हती. पुढे संपादक म्हणून मी त्या कादंबरीत एकच बदल सुचवला. खांड दिसली की बांध सोडायचा नाही, आवाजावर लोक येतात, हे जुईच्या वडिलांनी तिला आधीच्या एका प्रकरणात सांगावं. हर्षालीने ते दोन ओळींत लिहिलं. शेवटाचा शब्दही हलला नाही. नाव ‘खारी जुई’च राहिलं. मिलिंदची खारी-बिस्किटाची तक्रार आजही चालू आहे.

पुस्तक गाजलं वगैरे नाही. हळूहळू खपतं. पहिली आवृत्ती संपली तेव्हा मिलिंदने ते मला अशा चेहऱ्याने सांगितलं, जणू माझी काहीतरी चूक त्याने पकडली आहे. मला पुस्तकाचा खरा निकाल डोंबिवलीच्या पुस्तक प्रदर्शनात कळला. संध्याकाळी गर्दी होती आणि आमच्या स्टॉलवर मी आणि मिलिंद दोघंच होतो. एक गृहस्थ आले, बरोबर मुलगी, चौदा-पंधराची. ती त्यांच्या मागे उभी राहून दोन्ही हात ओढणीत गुंडाळत होती. त्यांनी ‘खारी जुई’ उचललं आणि मागचा मजकूर वाचला.

“हिला फार भीती वाटते सगळ्याची,” ते मिलिंदला म्हणाले. मुलगी तिथेच होती, तिने मान आणखी खाली घातली. “हे वाचून जाईल का?”

मिलिंद काय म्हणणार ते मला माहीत होतं. त्याने अख्खी हयात शाळांत, दुकानांत, आईबापांना हो म्हणण्यात घालवली आहे. हजार पुस्तकांना हजार वेळा तो हो म्हणाला असेल.

“नाही जाणार,” तो म्हणाला. मग वाकून त्या मुलीला दिसेल असा उभा राहिला आणि तिच्याशी बोलला. “पण तू जागची हलू नकोस. हाक मार. बाबा येतील.” मग त्याने वर बघितलं. “याल ना?”

त्या गृहस्थांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायचा विसरले. मुलीने ओढणीतून एक हात बाहेर काढला आणि पुस्तक घेतलं.

विक्रीचं वाक्य म्हणून ते भयंकर होतं. आमच्या सेल्स ट्रेनिंगमध्ये ‘नाही जाणार’ने सुरुवात करणाऱ्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवतील. मी मात्र तेव्हापासून एवढं पाळते, की पिचला आलेला लेखक दाराजवळच उभा राहतो म्हणाला, तर त्याला आत ओढत नाही. आपण आपली खुर्ची त्याच्या बाजूला वळवून घ्यायची.